प्रस्थान

यवतमाळासारख्या, समुद्रापासून दूर पडलेल्या कापसाच्या मुलखांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यास पन्नाशी उलटल्यावरही जहाजाचें अप्रूप वाटावें यांत नवल नाहीं. गेल्या हिवाळ्यांत मी व माझी पत्नी मुंबईस बॅलार्ड पिअरवर गोव्याकडे जाणाऱ्या एका सहलीच्या जहाजांत चढलों. चढलों सायंकाळीं, जहाज सुटावयाचें होतें दुसऱ्या दिवशीं पहाटे. प्रवासाची पहिली रात्र अशी धक्क्यालाच बांधलेली होती. शेजारच्या खोलींतील एक व्यापारी गृहस्थ त्यामुळें फार कष्टी झाले होते. "पैसे दिले समुद्राचे आणि मुक्काम मुंबईंतच!" असें ते ज्याला त्याला सांगत होते. मीं त्यांना कांहींशा प्राध्यापकी ऐटीनें म्हटलें, "हें आपलें प्रस्थान समजा."

तरुण वाचकांस ही चाल ठाऊक नसण्याचा संभव आहे. मुहूर्त एका दिवशीं आणि निघण्याची सोय दुसऱ्या दिवशीं असा पेंच पडला, म्हणजे आपले पूर्वज मुहूर्तावर एखादें वस्त्र, थोडे तांदूळ, एखादी सुपारी असें कांहीं गांठोड्यांत बांधून जावयाच्या दिशेकडील शेजाऱ्याच्या घरीं नेऊन ठेवीत. प्रस्थान ठेवलें कीं मनुष्य निघाला! मग तो खुशाल आपल्या घरीं जेवो, निजो. दारव्ह्यास माझ्या आजोबांचें गांठोडें शेजारच्या ओसरीवर दोन दोन दिवस पडून असे, आणि स्वतः आजोबा त्याच ओसरीवर बसून सुपारी कातरीत, असें वडील हसत सांगत. सांगतांना हसत, चालीला हसत नसत.

वारीचा क्रमही असाच आहे. ज्येष्ठ वद्य सप्तमीस तुकोबारायांची पालखी देहूहून निघते, ती पहिल्या रात्रीं देहूंतच इनामदारवाड्यांत उतरते. दुसऱ्या दिवशीं माउलींची पालखी प्रस्थान ठेवते, तिचाही पहिला मुक्काम आळंदींतच, आजोळघरीं. पुढें पंढरीची अडीचशें किलोमीटरांच्या आसपासची वाट असतांना पहिली रात्र गांवांतच कां काढावी? निघणें ही पायांच्या आधीं मनानें करावयाची गोष्ट आहे, असें मी अशा वेळीं वर्गांत सांगत आलों. त्या रात्रीं मला हें उत्तर पुरलें नाहीं.

साडेआठच्या सुमारास यवतमाळाहून वहिनींचा फोन आला. थोरले बंधु अंगणांत पडले होते. मांडीचें हाड मोडलें असावें, मुलगा त्यांना दवाखान्यांत घेऊन गेला होता. सर्व सांगून झाल्यावर वहिनींनीं विचारलें, "भाऊजी, जहाज सुटलें का?" आणि मी म्हणालों, "सुटल्यासारखेंच आहे, वहिनी." त्या म्हणाल्या, "मग राहूं द्या. या सावकाश."

बोरीबंदरचें स्थानक तेथून फार तर मैलभर. रात्रीची गाडी धरली असती तर सकाळीं बडनेरा आणि दुपारच्या आंत यवतमाळ. पत्नीनें एकदांच विचारलें, "उतरायचें का?" मीं पुतण्या आहे, डॉक्टर आहेत, मी जाऊन काय करणार, अशीं कारणें दिलीं. माझ्या जाण्यानें हाड सांधलें नसतें, हा युक्तिवाद अगदीं खरा होता व अगदीं निरुपयोगी होता. ती कांहीं न बोलतां झोपली. मी वरच्या मजल्यावर जाऊन धक्क्याकडे पाहत उभा राहिलों. खालीं उतरावयाची शिडी दिव्यांत लख्ख दिसत होती.

मी खोटें बोललों काय? माझी पहिली सबब अर्थातच प्रस्थानाची. गांठोडें ठेवणारा निघालेला मानतात. मी तर सदेह जहाजांत होतों! परंतु ही सबब फार वेळ टिकेना. आजोबांचें प्रस्थान साऱ्या गल्लीला ठाऊक असे. ते घरींच आहेत ही गोष्ट त्यांनीं कोणापासून लपविली नाहीं, आणि त्या दोन दिवसांत घरांत कोणी पडतें झडतें, तर पहिली हांक त्यांनाच जाती. पालखीचीही पहिली रात्र गांवच्या हांकेच्या अंतरावर जाते. मीं प्रस्थान ठेवलें तें हांक ऐकूं येऊं नये म्हणून.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढची. जहाज लवकर सुटावें असें मला वाटूं लागलें. समुद्राची ओढ म्हणून नव्हे. एकदां दोर सुटले कीं उतरणें अशक्य होणार होतें, आणि जें अशक्य त्याचा जाब मनुष्यास कोणी विचारीत नाहीं. सकाळपर्यंत मात्र प्रत्येक घटकेस मी तेथें राहत होतों, म्हणजे राहणें पसंत करीत होतों. स्वातंत्र्यावर मीं पुष्कळ व्याख्यानें दिलीं आहेत. तें इतकें जड असतें हें त्यांत कोठें आल्याचें स्मरत नाहीं.

१८८८ सालीं विलायतेस निघालेले तरुण गांधी मुंबईस आले, तों समुद्र खवळलेला म्हणून त्यांचें जाणें लांबलें. त्याच मुक्कामांत जातीची सभा भरली, त्यांच्यावर बहिष्कार पडला, आणि जो त्यांस धक्क्यावर पोंचवावयास जाईल त्यास सव्वा रुपया दंड ठरला. ४ सप्टेंबरला ते निघाले. जहाज एकदां समुद्रांत गेल्यावर त्यांना कोण आडवें येणार होतें? त्यांचा खरा प्रवास किनाऱ्यावरच्या त्या मुक्कामांत झाला, असें मला वाटतें. परत फिरावयास वाट असतांना ते निघाले. माझ्या निघण्याला मात्र वाट बंद होण्याची गरज होती.

पहाटे शिडी काढली, दोर सोडले. मला हायसें वाटलें, आणि गाढ झोंप लागली.

आम्ही परतलों तेव्हां दादा शस्त्रक्रिया होऊन घरीं आले होते. गोव्याच्या गोष्टी झाल्या, काजू वाटून झाले. मग त्यांनीं सहज विचारलें, "तुझें जहाज सुटलें किती वाजतां रे?"

"दुसऱ्या दिवशीं पहाटे," मीं सांगितलें.

दादांनीं वहिनींकडे पाहिलें. वहिनी चहाचे पेले उचलून आंत गेल्या.