नाचणारीचं नाव

रॅमन मॅगसेसे पुरस्कार म्हटला की आपल्याला विनोबा आठवतात, बाबा आमटे आठवतात. १९५८ साली पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी विनोबांचा गौरव झाला. त्यानंतर चार वर्षांनी, १९६२ मध्ये, शासकीय सेवेसाठीचा पुरस्कार, तो जिथून दिला जातो त्या फिलिपिन्समधल्याच एका शिक्षिकेला मिळाला. या बाईंनी धरण बांधलं नव्हतं, प्रशासन सुधारलं नव्हतं. त्यांनी गावोगावची नृत्यं पाहून, शिकून, कागदावर उतरवून ती शाळाशाळांत पोचवली होती. त्यांचं नाव फ्रान्सिस्का रेयेस-अकिनो.

नृत्य टिपून ठेवणं ही देशसेवा आहे, असं एखाद्या समाजाला का वाटावं? याचं उत्तर फिलिपिन्सच्या इतिहासात आहे. सात हजारांहून अधिक बेटांचा हा देश. सोळाव्या शतकापासून १८९८ पर्यंत तिथे स्पेनचं राज्य होतं, मग अमेरिकेचं आलं. स्पॅनिश मिशनऱ्यांनी ‘बाबायलान’ या पूजाविधी करणाऱ्या, अंगात देवता येणाऱ्या स्त्रियांना सैतानाच्या हस्तक ठरवलं. पुढे अमेरिकी शाळा आल्या आणि व्यायामाच्या तासाला मुलं परदेशी नाच शिकू लागली. दोन-दोन सत्ता पचवलेल्या या देशात ‘आमचं नृत्य कोणतं?’ हा प्रश्न करमणुकीचा नव्हता. तो ‘आम्ही कोण?’ या प्रश्नाचाच एक भाग होता.

फ्रान्सिस्काबाई या प्रश्नाकडे शारीरिक शिक्षणाच्या वाटेने आल्या. १८९९ साली बुलाकान प्रांतात जन्मलेल्या या बाईंनी फिलिपिन्स विद्यापीठात १९२६ मध्ये देशातल्या लोकनृत्यांवर आणि खेळांवर प्रबंध लिहिला. पुढे विद्यापीठाचे अध्यक्ष होर्हे बोकोबो यांच्या प्रोत्साहनाने त्या प्रांतोप्रांती फिरल्या. सोबत संगीत टिपून घेण्यासाठी आंतोनिनो बुएनाव्हेंतुरा असत. गावातली म्हातारी माणसं नाचून दाखवत. बुएनाव्हेंतुरा सूर उतरवून घेत आणि बाई पावलं लिहीत. किती मात्रांत कोणता पाय, हात कुठे, जोडीदार कुणाच्या समोर, हे सगळं त्या नोंदवत.

त्यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटते ती परिभाषा. मनगटातून पंजा गोल फिरवणं म्हणजे ‘कुमिंतांग’. एक हात कमरेपुढे आणि दुसरा पाठीमागे घेणं म्हणजे ‘हायोन-हायोन’. पाय पुढे आडवा टाकून, हात एकमेकांवरून ओलांडत किंचित वाकणं म्हणजे ‘सारोक’. हे शब्द पुस्तकांतून शाळांत गेले आणि एका बेटावरचा शिक्षक दुसऱ्या बेटावरचं नृत्य शिकवू शकला. लुबांग बेटावरचं तेलाचे दिवे डोक्यावर आणि हातांवर तोलून करायचं ‘पांदांग्गो सा इलाव’, बिन्यान गावातलं अंगावर बांधलेल्या करवंट्या वाजवणारं ‘माग्लालातिक’, बांबूंच्या फटींतून उड्या घेणारं ‘टिनिकलिंग’, अशी एकेका ठिकाणची नृत्यं साऱ्या देशाची झाली. स्पेनहून आलेला ‘होता’ही त्यांनी वगळला नाही. फिलिपिनो माणसांनी त्यात बांबूचे चिपळ्यांसारखे तुकडे वाजवून तो केव्हाच आपला करून घेतला होता. वारशाची ही व्याख्या उदार होती. उगम परका असला तरी चालेल, तो इथल्या अंगात मुरलेला हवा. १९७३ मध्ये नृत्यासाठीचा ‘राष्ट्रीय कलावंत’ हा सन्मान सर्वांत आधी त्यांनाच मिळाला.

पण शाळेच्या मैदानावरचं नृत्य जगापुढे कसं न्यायचं? हा पुढचा टप्पा १९५७ मध्ये आला. मनिलाच्या फिलिपीन विमेन्स युनिव्हर्सिटीत हेलेना बेनितेझ यांच्या पुढाकाराने ‘बायानिहान’ नृत्यसंस्था उभी राहिली. ‘बायानिहान’ म्हणजे गावकऱ्यांनी मिळून शेजाऱ्याचं घर खांद्यावर उचलून नव्या जागी नेणं. नृत्यदिग्दर्शन लुक्रेसिया रेयेस-उर्तुला यांचं, संगीत लुक्रेसिया कासिलाग यांचं. १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात आणि १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या विंटर गार्डन थिएटरात हे नर्तक गाजले. १९६५ मध्ये बायानिहानलाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९९८ मध्ये कायद्याने तिला राष्ट्रीय लोकनृत्य संस्थेचा दर्जा दिला.

उर्तुलाबाईंची दृष्टी रंगमंचाची होती. गावात रात्रभर चालणारा विधी त्यांना काही मिनिटांत बसवायचा होता. दक्षिणेकडच्या मारानाओ समाजातल्या घरंदाज स्त्रियांचं ‘सिंगकिल’ हे नृत्य त्यांनी आडव्याउभ्या बांबूंच्या टाळ्यांवर वेगवान, नाट्यमय केलं. पंखे हातात घेतलेली राजकन्या बांबूंतून पाऊल काढते आणि सभागृह श्वास रोखून बघतं. हे दृश्य इतकं प्रभावी ठरलं की पुष्कळ फिलिपिनो लोकांच्या मनात सिंगकिल म्हणजे हेच, असं समीकरण पक्कं झालं. इथेच वादाला तोंड फुटलं. ज्यांच्या घरात हे नृत्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, त्या मुस्लिम मारानाओ समाजाने त्यात स्वतःला ओळखायचं कसं? मनिलाच्या रंगमंचाने सजवून दिलेलं रूप खरं मानायचं, की दक्षिणेतल्या मिंदानाओ बेटावरच्या घरातलं?

या अस्वस्थतेतून विचाराला तिसरं वळण मिळालं. रॅमन ओबुसान बायानिहानमध्येच नर्तक आणि संशोधक होते. १९७२ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली. गावात नृत्य जसं होतं तसंच ते दाखवायचं, त्याची घाईने छाटणी करायची नाही, खरी वाद्यं आणि खरे पोशाख आणायचे, शक्य तिथे त्या समाजातली माणसंच आणायची, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या नृत्याला शहरात मान मिळतोय हे दूरच्या डोंगरातल्या माणसाला स्वतः येऊन पाहता आलं, हे मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं.

दुसरी साधना लिगाया फर्नांदो-आमिलबांग्सा यांची. लग्नानंतर त्या सुलू द्वीपसमूहात राहिल्या आणि तिथलं ‘पांगालाय’ शिकल्या. गुडघे किंचित वाकलेले, हात न थांबता लाटेसारखे वाहणारे, बोटांवर कधी धातूची लांब नखं, असं हे संथ नृत्य आहे. काही आठवड्यांचा दौरा काढून ते हाती लागत नाही. त्यांनी त्यासाठी वर्षं दिली. १९८३ मध्ये पांगालायवरचा त्यांचा ग्रंथ आला आणि २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार.

याच काळात दुसरा प्रवाह बॅलेतून वाहत होता. लिओनोर ओरोसा-गोकिंगको यांनी १९४१ मध्येच देशी नृत्य बॅलेच्या रचनेत आणलं आणि १९६१ मध्ये त्यातूनच ‘फिलिपिनेस्कास’ घडवलं. अलिस रेयेस यांनी १९७० मध्ये निक होआकिन यांच्या कथेवरून ‘आमादा’ केलं. १९८० मध्ये त्यांनी रामायणावर ‘रामा हारी’ रचलं. संगीत रायन कायाब्याब यांचं, शब्द बिएनवेनिदो लुम्बेरा यांचे. रामकथा आपल्या ओळखीची, पण मिंदानाओच्या मारानाओ लोकांकडेही तिचं स्वतःचं रूप आहे, ‘महारादिया लावाना’. अ‍ॅग्नेस लोक्सिन यांनी तर बॅलेचं शरीरच बदललं. अंग जमिनीकडे झुकलेलं, पाऊल जड आणि ठाम. ‘बाबायलान’ या त्यांच्या रचनेत मिशनऱ्यांनी हिणवलेली ती स्त्री पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. २०२२ मध्ये त्याही राष्ट्रीय कलावंत झाल्या. इथे आलेल्या नृत्याच्या सहा राष्ट्रीय कलावंतांपैकी ओबुसान सोडले तर बाकी पाचही स्त्रिया आहेत.

टिपणं, सजवणं, मूळ जपणं, नव्याने घडवणं. शंभर वर्षांत हा विचार असा पुढे सरकला. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीची चूक दाखवली, पण तिच्याच खांद्यावर उभं राहून. अकिनोंनी लिहिलं नसतं तर उर्तुलांकडे रंगमंचावर न्यायला फारसं काही उरलं नसतं, आणि उर्तुलांनी देशाला अभिमान दिला नसता तर ओबुसान यांच्या आग्रहाला कान मिळाले नसते. म्हणून जपणारे विरुद्ध बदलणारे हे भांडण मला अर्धंच खरं वाटतं. खरी कसोटी वेगळी आहे: ज्या माणसाकडून पाऊल घेतलं त्याचं नाव, गाव, त्याचा समाज आपण सांगतो का?

अकिनोबाईंच्या नोंदींत या कसोटीचं एक सुंदर उदाहरण आहे. सुरिगाव प्रांतातल्या ‘इतिक-इतिक’ नृत्याची कथा अशी सांगतात. एका बारशाच्या मेजवानीत कानांग नावाच्या तरुणीला ‘सिबाय’ नाचायला सांगितलं. ती नाचता नाचता इतकी रंगली की बदकांसारखी तुरुतुरु चालू लागली. पाहुण्यांना ते आवडलं आणि तेही तसेच नाचू लागले. म्हणजे ज्याला आज आपण परंपरा म्हणतो ते त्या दिवशी एका मुलीने केलेलं नवंच काही होतं. ती राष्ट्रीय कलावंत नव्हती. तरीही तिचं नाव उरलं, कारण ज्यांनी तिचं नृत्य घेतलं त्यांनी ते लिहून ठेवलं.