थर आणि काला

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी गिरगाव, दादर, परळ, लालबागेतून गोविंदा निघतात. औंदा एक थर जास्त लावायचा, ही ईर्षा वाईट काय? आम्हांस तसे वाटत नाही. आळंदीहून पंढरीपर्यंत पायी जाणाऱ्याने मोठ्या ध्येयाला नावे कशाला ठेवावीत?

प्रश्न निराळाच आहे. ही उंची कोणाच्या खांद्यावर उभी? तळच्या गड्याला हंडी दिसतसुद्धा नाही. मान खाली, हात शेजाऱ्याच्या खांद्यावर. तो डगमगला की वरचे पोर कोसळलेच! म्हणून सरावात थर लावण्याइतकेच उतरवणेही शिकावे लागते.

२०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर, ४३.७९ फूट, रचून जागतिक विक्रम केला. कौतुकच आहे. पण पोरे पडून जायबंदी होऊ लागली, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. २०१७ साली चौदा वर्षांखालील मुले थरात नकोत असे ठरले. हे आपल्यालाच आधी का सुचू नये?

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो. तिथे कोणाच्या लाह्या, कोणाचे दही, कोण विचारतो? हंडीचे यशही तसेच, वरच्याचे तेवढेच तळच्याचे. माउलीहो, जो थर सगळ्यांना सुखरूप उतरवता येत नाही, तो लावूच नये.