उडणारा मारुती, निजलेला मारुती

देवाचं कार्टून करू नये, असं आमच्या भजनी मंडळातले काही जण अजूनही म्हणतात. मला ते पटत नाही. रामलीलेत तोंडाला शेंदूर फासलेला, कमरेला कापडी शेपूट बांधलेला हनुमान पाहत आम्ही मोठे झालो. तो समोरून गेला की बाया पाया पडायच्या, आत कोणाचा पोरगा आहे हे माहीत असूनही. मग पडद्यावरच्या रंगानेच काय घोडं मारलं? युगो साको या जपानी माणसाने रामायणावर ॲनिमेशनपट करायला घेतला तेव्हाही विरोध झाला होता. त्याच चित्रपटाची संस्कृत गाणी आपल्या वसंत देवांनी लिहिली आणि वनराज भाटियांनी त्यांना चाली लावल्या. चांगल्या भजनी मंडळाने हेवा करावा असं काम आहे ते.

माझी कुरकुर आहे ती २००५ च्या ‘हनुमान’बद्दल. व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांचा हा चित्रपट. बोरगावच्या कारखान्यातून पहिली पाळी करून घरी येतो, तर नातू तो लावून बसलेला. तापस रेलियाचं संगीत आता मला पेटीवर न बघता वाजवता येतं. बाळ मारुती झकासच आहे. गोबरा, खोडकर, सूर्याला फळ समजून झेपावणारा. गाण्यांना ठेका असा की पोरगा ताट तसंच टाकून नाचतो. देव लहान असतो आणि त्याला लाडाने हाक मारता येते, हे त्या गाण्यांनी त्याला शिकवलं. आमच्या प्रवचनांनी नाही.

घोटाळा होतो तो मारुती मोठा झाल्यावर. समर्थांनी चाफळला दोन मारुती बसवले : रामापुढे हात जोडून उभा असलेला दास मारुती आणि देवळामागचा प्रताप मारुती. चित्रपटाला दुसराच सापडला. त्यात नवल नाही, कारण ॲनिमेशनला हालचाल हवी. उड्डाण, गदा, पेटलेली शेपटी, सगळं काढता येतं. हात जोडून नुसतं उभं राहणं कसं काढणार? सेकंदाला चोवीस चित्रं लागतात म्हणे. चोविसांत काहीच बदललं नाही, तर लोकांना वाटेल मशीन बंद पडलं. आणि दास्यभक्ती तर तिथेच आहे, त्या न हलण्यात.

सौंसरजवळच्या जामसावळीचा मारुती तर चक्क निजलेला आहे, पिंपळाखाली. पूर्वी तो उभा होता, चोर खालचं धन खणायला आले तेव्हा आडवा झाला, असं सांगतात. दुखणाईत माणसं, डोकं फिरलेली माणसं घेऊन लोक तिथे येऊन राहतात. नातवाला पहिल्यांदा नेलं तर तो मोठ्याने म्हणाला, “आबा, हा उठत काऊन नाही?” रांगेतली माणसं हसली. मला उत्तर सुचलं नाही, मी त्याच्या हातात नारळ दिला. पण त्या अंगणात बसलेल्या एकाही बाईला मारुतीने उडून दाखवावं असं वाटत नव्हतं. त्याने इथेच असावं, एवढंच तिचं मागणं.

खरा प्रश्न मात्र शापाचा. लहानपणच्या खोड्यांना कंटाळून ऋषींनी शाप दिला, की तुझं बळ तू विसरशील, कोणी आठवण करून दिली तरच ते जागं होईल. चित्रपटात हा शाप विजेच्या बटणासारखा आहे : ऋषींनी बंद केलं, जांबुवंताने चालू केलं. मला त्यात जास्त दिसतं. ज्याला आपल्या बळाचा पत्ता नाही, तोच सुग्रीवाच्या पदरी इतकी वर्षं गुमान राहू शकतो. दास व्हायला ते विसरणं लागतच असेल. मग तो शाप म्हणायचा की तयारी? आणि देवाला स्वतःची ओळख दुसऱ्याच्या तोंडून व्हावी, यात भक्ताची जागा किती मोठी झाली! समुद्रकाठी सीतेच्या शोधात आलेली वानरं हताश बसलेली, आणि एक म्हातारं अस्वल कोपऱ्यात गप्प बसलेल्या मारुतीजवळ जाऊन त्याला तो कोण हे सांगतं. अख्ख्या रामायणात गाण्याला याहून चांगली जागा नाही.

मला कोणी विचारलं, तर सगळ्यात मोठं गाणं मी जांबुवंताला देईन. विलंबित, साथीला नुसती एकतारी, उड्डाण अजून लांब. नातवाला हा बेत सांगितला. तो म्हणाला, तेवढ्यात मी पाणी पिऊन येईन.