नाव बाजूला ठेवून

सैल बसा. श्वास आपल्या गतीने चालू द्या. आज मनापुढे एक जुने पान ठेवायचे आहे.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दहाव्या शतकातले एक ग्रीक हस्तलिखित आहे. त्यात ‘उदात्ततेविषयी’ हा वक्तृत्व आणि साहित्यशैलीवरचा छोटा ग्रंथ आहे. मराठीतून साहित्यशास्त्र शिकलेल्यांना तो लाँजायनसच्या नावाने ठाऊक असतो. ग्रंथाच्या माथ्यावर नाव आहे ‘डायोनिसियस लाँजायनस’. अनुक्रमणिकेत मात्र ‘डायोनिसियस किंवा लाँजायनस’ असे लिहिले आहे. १५५४ साली बाझेलला हा ग्रंथ प्रथम छापला गेला. १८०८मध्ये या ‘किंवा’कडे अभ्यासकांचे लक्ष जाईपर्यंत लाँजायनसचे नाव त्यावर पक्के बसलेले होते.

त्या ‘किंवा’पाशी थांबा. पुढे जायची घाई नको. ज्याने तो शब्द लिहिला त्याला बहुधा लेखकाचे खरे नाव माहीत नव्हते. आपल्याला माहीत नाही हे त्याने लपवले नाही. मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो.

आता पहिल्या नावाकडे पाहा. हॅलिकार्नाससचा डायोनिसियस हा ऑगस्टसच्या काळात रोममध्ये शिकवणारा विद्वान. पण त्याने प्लेटोच्या शैलीवर कठोर टीका केली आहे, आणि आपला लेखक तर प्लेटोवर लुब्ध आहे. हे नाव हलकेच खाली ठेवा.

दुसरे नाव कॅसियस लाँजायनसचे. पाल्मायराची राणी झेनोबिया हिचा हा सल्लागार. सम्राट ऑरेलियनने इसवी सन २७३च्या सुमारास त्याला देहदंड दिला. ज्ञानी माणसाचा असा अंत ऐकला की ग्रंथ त्याचाच असावा असे वाटू लागते. ही ओढ मनात उठते आहे का, पाहा. पण ग्रंथाची सुरुवात होते ती ऑगस्टसकालीन कॅसिलियसच्या पुस्तकाला उत्तर म्हणून. शेवटच्या प्रकरणात थोर वक्ते का निपजत नाहीत ही चिंता आहे, आणि ती पहिल्या शतकातल्या रोमन लेखनात वारंवार दिसते. काही अभ्यासक आजही कॅसियसची बाजू मांडतात. माझा कौल पहिल्या शतकातल्या अनामिकाला आहे. तेव्हा हेही नाव खाली ठेवा.

काय उरले?

एक आवाज उरला. तो टेरेन्शियानस नावाच्या तरुण रोमन मित्राशी बोलतो आहे. तो त्याला सांगतो की उदात्तता हा थोर मनाचा प्रतिध्वनी असतो. लिहिताना मनात विचारावे, हेच होमरने कसे म्हटले असते? आणि पुढे येणारी माणसे हे कसे ऐकतील? ती पुढे येणारी माणसे म्हणजे आपणच आहोत. तो होमरला नावाने हाक मारू शकला. आपल्याला मात्र त्याला नावाने बोलावता येत नाही, तरी तो ऐकू येतो.

सातव्या प्रकरणातला त्याचा एक विचार घ्या आणि बराच वेळ त्याच्याजवळ राहा. खरे उदात्त ऐकले की मन उंचावते, आनंदाने भरते, आणि जे ऐकले ते जणू आपणच निर्माण केले असे त्याला वाटते. तुम्हाला असे कधी झाले होते? एखाद्या ओवीने, एखाद्या भाषणाने? त्या क्षणी हे कुणाचे, हा प्रश्न मनात होता का? त्याची ही कसोटी लेखकाचे नाव मागतच नाही.

कर्तृत्वाचा शोध थांबवावा असे मी म्हणत नाही. काळ ठरला की वाक्याचा अर्थ बदलतो, आणि शास्त्राला तो शोध हवाच. पण नाव सापडेपर्यंत वाचन अडवून ठेवू नये.

ग्रंथाचा सुमारे एक तृतीयांश भाग हरवला आहे. जे उरले आहे त्याच्या दहाव्या प्रकरणात ग्रीक कवयित्री सॅफोची एक प्रेमकविता आहे. या लेखकाने ती उतरवून घेतली नसती, तर तिच्या सलग ओळी आज आपल्या हाती नसत्या. वाचायला तिथून सुरुवात करा, आणि लेखक कोण याची प्रस्तावना त्यानंतर उघडा.