चाकराचे करणे, धन्याने निस्तरणे

ढोर दुसऱ्याच्या शेतात शिरले, उभे पीक खाल्ले, तर शेतकरी ढोराशी वाद घालीत बसत नाही. तो ते कोंडवाड्यात घालतो, आणि दंड भरून सोडवावयास यावे लागते ते ढोराच्या धन्याला. ‘मी घरी झोपलो होतो, ढोराने दावे तोडले, मला काय ठाऊक?’ असे तो म्हणू लागला तर त्याला कोण ऐकणार? ढोर तुझे, दावे तुझे, दंडही तुझा! खेड्यातल्या पोरालाही कळणारा हा न्याय. पण तोच निवडून दिलेल्या माणसाला लावावयाची वेळ आली की शहाणेसुर्तेही गोंधळतात.

आम्ही कीर्तनानिमित्त गावोगाव हिंडतो. बुक्का लावून घ्यावयास आलेली म्हातारी माणसे आपली गाऱ्हाणी सांगतात, ती बहुतेक एकाच साच्याची असतात. निराधाराच्या अनुदानाचा कागद कचेरीत अडला. कारकून म्हणतो ‘उद्या या’, उद्या गेले तर साहेब नाहीत. दिवसाची मजुरी तेवढी बुडाली. मग म्हातारी निवडून दिलेल्या माणसाच्या दारी जाते, तर त्याचा स्वीय सहायक तिला उंबऱ्यावरूनच परतवतो. एखादे दिवशी प्रत्यक्ष गाठ पडलीच तर उत्तर मिळते, ‘आजी, ती माणसे आमच्या हातात नाहीत हो!’ (मते मागावयास आला होता तेव्हा मात्र सगळे त्याच्याच हातात होते.)

येथे पूर्वपक्ष असा की, ज्याचे कर्म त्याला. लाच कारकुनाने घेतली, प्रतिनिधीने ‘घे’ असे थोडेच सांगितले होते? शिवाय कारकुनाची नेमणूक सरकारची, बदली सरकारची. मग एकाचे पाप दुसऱ्याच्या गळ्यात का बांधता? पूर्वपक्ष बळकट आहे, हसून उडवून देण्याजोगा नाही. परंतु पाणिनीचे व्याकरण पाहा. जो दुसऱ्याकडून काम करवितो त्याला पाणिनीने ‘हेतु’ अशी वेगळी संज्ञा दिली, पण ‘कर्ता’ ही संज्ञा त्याच्याकडून काढून घेतली नाही. हात लावला नाही तरी करविणारा कर्ताच. ज्या शिक्क्याच्या जोरावर कारकून म्हातारीला अडवितो तो शिक्का काही त्याच्या घरचा नव्हे. लोकांनी मत देऊन जो अधिकार वर पाठविला, तोच खाली उतरत उतरत त्याच्या मेजापर्यंत आला. मग जाबही त्याच वाटेने वर चढला पाहिजे. कारकुनाचा तुरुंग कारकुनाने भोगावा, तो धन्याला द्या असे कोणी म्हणत नाही. पण तुरुंग वेगळा आणि जाब वेगळा. तक्रार केव्हा कळली, कळल्यावर काय केले, आणि कळली नसेल तर का कळली नाही, हे धन्यानेच सांगावयाचे. आणि स्वीय सहायक तर त्याने स्वतः पारखून घेतलेला, तेथे सबबीला जागाच नाही.

हे केवळ पोथीतले बोलणे नव्हे. १९५७ च्या जूनमध्ये आयुर्विमा महामंडळाचे सुमारे सव्वा कोट रुपये हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे भाग घेण्यात घातले गेले. पैसा विमेदारांचा, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांचा. आणि गुंतवणूक समितीला आधी विचारलेही नाही. त्याच वर्षी डिसेंबरात फिरोज गांधी यांनी लोकसभेत हा प्रश्न काढला. ते सत्ताधारी पक्षाचे, शिवाय पंतप्रधानांचे जावई, तरी विचारावयास कचरले नाहीत हे विशेष. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचे म्हणणे असे की, हा व्यवहार आपल्या संमतीने झाला नाही. छागलांनी निर्णय दिला तो असा की, सचिवाच्या कृत्याची पूर्ण जबाबदारी मंत्र्याला घ्यावीच लागेल, सचिवाच्या आड त्याला लपता येणार नाही. मंत्र्याने स्वतः पैसा खाल्ला असे त्यांनी म्हटले नव्हते, हे ध्यानात ठेवावे. १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. त्याआधी १९५६ च्या नोव्हेंबरात अरियालूरचा रेल्वे अपघात झाला तेव्हा लालबहादूर शास्त्री यांनी रेल्वेमंत्रिपद सोडले होते. गाडी काही ते हाकीत नव्हते.

कोणी म्हणेल, असे राजीनामे घेत सुटलो तर चांगली माणसे संपतील. संपत नाहीत. कृष्णम्माचारी १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले, शास्त्रीजी १९६४ मध्ये पंतप्रधान झाले, आणि मुंदडा प्रकरणातले अर्थसचिव एच. एम. पटेल हे १९७७ मध्ये स्वतःच अर्थमंत्री झाले! जाब दिल्याने कोणी मरत नाही.

हल्ली एक नवाच प्रकार निघाला आहे. लोकप्रतिनिधी कचेरीत शिरतो, चारचौघांत कारकुनाला वाटेल तसे बोलतो, कोणी ते मोबाइलवर टिपून घेतो आणि लोक टाळ्या पिटतात. आम्हांस यात काडीइतकेही समाधान नाही. कारकून घाबरतो, चार दिवसांनी पुन्हा तसाच वागतो. आणि ज्याने जाब द्यावयाचा तोच जाब विचारणारा होऊन बसतो! ही तर हातोहात सुटका.

माउलींच्या पालखी सोहळ्यातली रीत वारकऱ्यांस सांगावयास नको. समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतो, ‘हो’ म्हणून पुकारतो, आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते, आणि चोपदाराला चालत तिच्यापाशी जाऊन ऐकून घ्यावे लागते. शिवीगाळ नाही, धक्काबुक्की नाही. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरवावी असा कायदा आहे; तेथे हीच रीत चालवावी. कागद कोणता, कोणत्या तारखेला दिला, कोणाच्या मेजावर पडून आहे, हे लिहून न्यावे आणि सरपंचांना विचारावे. तालुक्याचे काम असेल तर पंचायत समितीच्या सदस्याला, आमदाराला विचारावे. उत्तर इतिवृत्तात लिहवून घ्यावे. ‘बघतो’ एवढेच उत्तर आले तर ‘बघतो’ असेच लिहावे, आणि पुढच्या सभेत वाचावयास सुरुवात तेथूनच करावी.