बाकावरचा शेजारी

नाताळचा सण आटोपून परगावचे पाहुणे परतण्याआधी, डिसेंबरच्या अखेरीस वा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आमच्या वसई परिसरात अलीकडे एक नवा सोहळा रूढ झाला आहे. शाळा सोडून तीस-चाळीस वर्षे झालेले दहावीचे वर्ग पुन्हा एकत्र जमतात. त्याआधी कित्येक आठवडे व्हॉट्सअॅपवर नावांची जुळवाजुळव चालते. आखातातून, कॅनडातून सुटीवर आलेली मंडळी उत्साहाने पुढाकार घेतात. एखाद्या वयोवृद्ध गुरुजींना शाल-श्रीफळ दिले जाते, दिवंगत सवंगड्यांसाठी प्रार्थना होते, आणि मग रात्री उशिरापर्यंत गप्पांना खंड पडत नाही. या भेटींना हसणारे लोक मला भेटतात. मी त्यांच्यापैकी नाही. पन्नाशी उलटलेली माणसे लहानशा बाकावर दाटीवाटीने बसून छायाचित्र काढून घेतात, तेव्हा त्यांना काहीतरी खरेच हवे असते.

ते काय असते? वाचकहो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आपल्याला ओढ लागते ती त्या मित्राची, की त्याच्या सहवासात मागे राहून गेलेल्या आपल्याच बालपणाची? शाईची दौत, गाभुळलेली चिंच, शाळा सुटल्यावर बावखलात मारलेल्या उड्या हे सारे मनात दाटून येते. परंतु ज्याच्याबरोबर त्या उड्या मारल्या, तो गृहस्थ आज कोणत्या विवंचनेत आहे याची चौकशी आपण करतोच असे नाही. तसे असेल तर तो मित्र केवळ निमित्त ठरतो, आणि जिवंत माणसाला आपल्या आठवणींचे निमित्त करणे यात प्रेमापेक्षा स्वतःचे कौतुकच अधिक आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर मला ओढ आहे ती एका शब्दाची. तो शब्द म्हणजे 'अरे'. धर्मगुरूला सारा गाव 'फादर' म्हणतो. माझ्या वडिलांच्या वयाची माणसेही 'तुम्ही' म्हणून बोलतात. तो मान पदाचा आहे आणि तो असावाही. परंतु आईवडील देवाघरी गेल्यानंतर मला एकेरी हाक मारणारे फार थोडे उरले, आणि जे उरले ते एकेकाळी माझ्या बाकावर बसलेले आहेत. (त्यांतलेही काही आता 'फादर' म्हणू लागले आहेत!) पदवी, झगा, व्यासपीठ यांतले काहीच नसताना मी कोण होतो, हे त्यांना ठाऊक आहे. बाकावरचा शेजारी आपण निवडलेला नसतो. गुरुजी उंचीप्रमाणे बसवीत आणि आपण मित्र होत असू. गुण, उपयोग, घराणे पाहून केलेली ती मैत्री नव्हे. जिथे काहीच सिद्ध करायचे नसते, असे नाते पुढच्या आयुष्यात क्वचितच लाभते.

मग असे नाते आयुष्यभराचा हक्क सांगू शकते काय? महाभारताच्या आदिपर्वात या प्रश्नाचे अत्यंत कठोर उत्तर आले आहे. द्रोण आणि द्रुपद हे भरद्वाजांच्या आश्रमातले सहाध्यायी. पुढे द्रुपद पांचालांचा राजा झाला, द्रोण दरिद्रीच राहिला. जुन्या मैत्रीच्या भरवशावर तो दरबारात गेला, तेव्हा द्रुपदाने त्याला ऐकवले की, काळाबरोबर मैत्रीही झिजते, आणि राजा व निर्धन यांच्यात ती संभवत नाही. द्रोणाने तो अपमान गिळला नाही. शिष्यांकरवी द्रुपदाला पकडून आणवून त्याने अर्धे राज्य घेतले आणि आता आपण बरोबरीचे झालो, असे सुनावले. त्या वैरातून द्रोणाचा वध करणारा धृष्टद्युम्न जन्मला.

द्रुपदाची वाणी उद्धट खरी. पण त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते काय? सेमिनरीत आम्ही ज्याचे नीतिशास्त्र अभ्यासले तो अॅरिस्टॉटलही, दोन बालमित्रांपैकी एक मनाने लहानच राहिला आणि दुसरा प्रौढ झाला तर त्यांची मैत्री टिकणे कठीण, असे म्हणतो; त्यांची सुखदुःखे आता सारखी नसतात. मात्र तो तेथेच थांबत नाही. सरलेल्या जवळिकीची आठवण ठेवावी, आणि त्या जुन्या मैत्रीखातर अशा माणसाला परक्याहून अधिक काही द्यावे, असेही तो सांगतो. द्रुपदाला नेमके हेच उमगले नव्हते. मैत्री सरली तरी तिचे ऋण सरत नाही.

आठवणीचा एक धोकाही आहे. नासरेथच्या सभास्थानात येशू बोलू लागला, तेव्हा त्याच्या गावकऱ्यांचे काय झाले? योसेफच्या मुलाला आपण लहानपणापासून ओळखतो, या समजुतीपुढे त्यांना त्याचे बोलणे पचेना, आणि अखेर त्यांनी त्याला गावाबाहेर काढले. जुन्या मित्रांनाही पुष्कळदा चाळीस वर्षांपूर्वीचा मुलगाच हवा असतो. वर्गातल्या 'ढ'ला त्याच टोपणनावाने हाक मारली जाते. सगळे हसतात, तोही हसतो. पुढच्या वर्षी तो येत नाही.

भागवताच्या दशम स्कंधातली कथा मला म्हणूनच विलक्षण वाटते. तेथे कृष्णाच्या त्या दरिद्री सहाध्यायाला नावही नाही. सुदामा हे नाव त्याला परंपरेने दिले. कृष्ण त्याचे पाय धुतो, गुरुपत्नीसाठी सरपण आणायला गेले असता वादळी रात्री दोघे हात धरून रानात कसे भटकलो, ते आठवतो. आणि मग तुला काय हवे, असे न विचारता, माझ्यासाठी घरून काय आणलेस, असे विचारतो! लाजेने लपवलेली पोह्यांची पुरचुंडी तो ओढून घेतो. मित्राला याचक होऊ न देता दाता करणे, ही बरोबरी द्रोणाला अर्धे राज्य घेऊनही साधली नव्हती.

आमच्या मेळाव्यांत मात्र सुदामा दिसत नाही, कारण यादी दहावीची असते. राज्यघटनेने चौदा वर्षांखालील सर्व मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी १९५० साली दहा वर्षांची मुदत सुचवली होती. तो कायद्याने हक्क म्हणून अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. मधल्या काळात कितीतरी मुलामुलींनी चौथीनंतर वा सातवीनंतर दप्तर कायमचे खुंटीला लावले. कुणी वाडीत राबू लागला, कुणी धाकट्या भावंडांना सांभाळू लागली. पहिलीत त्यांची आपली पाटी एकच होती. 'बॅच' मात्र वेगळी ठरली.

प्रत्येक शाळेच्या कपाटात एक जनरल रजिस्टर असते. त्यात नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडल्याचे कारण असे रकाने असतात. मुख्याध्यापकांच्या परवानगीने आमच्या पहिलीच्या वर्गाची पाने मी नुकतीच चाळली. मध्येच गळालेल्या बहुतेक नावांपुढे एकच कारण आहे : 'पालकांच्या विनंतीवरून'. त्यांतली सहा माणसे याच तालुक्यात राहतात; एक बाई तर शेजारच्याच धर्मग्रामात भाजी विकते. यंदाची यादी या पानांवरून करायची, असे आम्हा चौघांचे ठरले आहे. तिच्या घरी जाण्याचे काम माझ्याकडे आहे.