आजचं चिंतन : ओल कुठे, गळती कुठे?
(गीता, अध्याय २, श्लोक ६२ ते ६४)



सिंकखाली पातेलं ठेवून मी तीन आठवडे काम भागवत होतो. भरलं की ओतायचं, परत ठेवायचं. परवा खालच्या काकू वर आल्या. "अरे, आमच्या किचनच्या सीलिंगला ओल आलीये. जरा बघतोस का?" मी ऑफिसच्या कॉलवर होतो. तोडूनच टाकलं, "बिल्डिंगच जुनी आहे काकू, दरवेळी माझ्याकडे कशाला येता?" त्या काही न बोलता जिना उतरल्या.

मुलुंडला राहायला आलो, त्या दिवशीचा पहिला चहा याच काकूंनी पाठवला होता.

काल प्लंबरला बोलावलं. मी वेस्ट पाइप दाखवला, कारण ओल तिथे होती. त्याने सगळं कोरडं पुसलं आणि नळ बंद ठेवून दहा मिनिटं थांबला. तरी थेंब आलाच. वेस्ट पाइप असता तर पाणी सोडल्यावरच गळला असता. गळत होता वरचा अँगल कॉकचा जोड. थोडं पाणी पातेल्यात पडत होतं, बाकीचं पाइपावरून ओघळून फरशीत मुरत होतं. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला ८६,४०० थेंब! वॉशर बदलला, गळती थांबली.

संध्याकाळी गीता उघडली. भगवंत अर्जुनाला अख्खी साखळी सांगतात. विषयाचं सतत चिंतन, त्यातून आसक्ती, मग काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश. माझी ओल दिसली क्रोधाच्या पायरीवर, काकूंसमोर. गळती बरीच वर होती. टीममधल्या मित्राला प्रमोशन मिळालं, मला नाही. महिनाभर डोक्यात तेच थेंब थेंब चालू होतं. आणि स्मृतिभ्रंश म्हणजे काय? तो पहिला चहा विसरलो, हाच.

नुसतं 'आता चिडायचं नाही' असं ठरवणं म्हणजे पातेलं ठेवणं. पण भगवंत मेन कॉक बंद करून बसायलाही सांगत नाहीत. श्लोक ६४ म्हणतो, विषयांत वावर, पण आवडी-नावडीच्या ओढाताणीतून सुटून. मग मन प्रसन्न होतं. सिंक वापरायचंच आहे, फक्त जोड घट्ट हवा.

रात्री खाली गेलो. माफी मागितली, सीलिंग रंगवून देतो म्हणालो. काकू म्हणाल्या, "आधी वाळू तर दे. बस, चहा टाकते."

आजचा अभ्यास : झोपण्याआधी वहीत एकच ओळ लिहा. राग कोणाचा आला ते नको. आज मन पुन्हा पुन्हा कुठे गेलं, ते लिहा.

श्रीकृष्णार्पणमस्तु.